सही पालकाची, दात मुलाचा

खानदेशात ज्याच्या घरी थोडीफार शेती आहे, त्याने सातबाऱ्यावर कधी ना कधी ‘अ.पा.क.’ ही अक्षरे पाहिलेली असतात. बाप गेला, जमिनीला मुलाचे नाव लागले, मूल अजून लहान. मग मुलाच्या नावापुढे अ.पा.क. आणि त्यापुढे आईचे नाव. अज्ञान पालनकर्ता. अठरा वर्षांखालच्या माणसाला आपली कायदेभाषा ‘अज्ञान’ म्हणते आणि त्यावरच्याला ‘सज्ञान’. तलाठ्याच्या दप्तरात हा शब्द निमूटपणे काम करतो, त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण तोच शब्द दंतवैद्याच्या खुर्चीपाशी आणून पाहावा. नऊ वर्षांचा मुलगा तोंड घट्ट मिटून बसला आहे. दाढ त्याची, ठणका त्याचा, भीती त्याची; आणि त्या खोलीत ‘अज्ञान’ काय तो एकटा तोच. सोबतच्या मोठ्या माणसाने फॉर्मवर सही केली की संमती झाली असे सगळे धरून चालतात. ही सही हवीच, तिच्यावाचून पुढे जाऊ नये. पण ती म्हणजे संमतीचा निम्मा भाग आहे, आणि तोही बहुतेक वेळा अर्धवट भरलेला, असे माझे म्हणणे आहे.

आधी सही कोणाची, ते पाहू. कारण प्रत्यक्षात पहिली अडचण इथेच येते. पिंप्राळा हे एकेकाळचे गाव आता जळगाव शहरात मिसळून गेले आहे. आषाढी एकादशीचा रथ अजून निघतो, पण शेतांचे प्लॉट झाले आणि प्लॉटवर कॉलन्या उभ्या राहिल्या. अशा वस्तीत बाप सुरतला कारखान्यात किंवा पुण्याला कंपनीत आणि घरी आई, ही मांडणी खानदेशाला अजिबात नवीन नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ६ सांगते की नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. हे ‘नंतर’ म्हणजे मृत्यूनंतर, असा अर्थ अनेक वर्षे लावला गेला. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ साली न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ ‘अनुपस्थितीत’ असा लावला: बाप दूर असेल, लक्ष घालत नसेल, तर आईच पालक. म्हणजे सुरतेहून फोनवर ‘मी येईपर्यंत थांबा’ असे सांगणाऱ्या बापाच्या सहीसाठी दंतवैद्याने आईला परत पाठवण्याचे कारण नाही. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, त्यामुळे यावल-चोपड्याकडच्या भिल्ल आणि पावरा मुलांच्या बाबतीत रूढी आणि १८९०चा पालक व पाल्य कायदा यांच्याकडे पाहावे लागते. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप दोघेही मैलोगणती दूर असतात आणि मूल आजीपाशी किंवा आश्रमशाळेत असते, तेव्हा तर कायद्याचे कलम वाचून सही करणारे माणूस दारात उभे राहत नाही.

अशा वेळी फौजदारी कायदा थोडा उदार आहे. जुन्या दंडसंहितेचे कलम ८९, म्हणजे १ जुलै २०२४पासून भारतीय न्यायसंहितेचे कलम २७, असे सांगते की बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाच्या किंवा ‘कायदेशीर ताबा असलेल्या’ इतर व्यक्तीच्या संमतीने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. आश्रमशाळेचा अधीक्षक किंवा नातवंडे सांभाळणारी आजी या शब्दांत बसू शकतात. त्याच्याच पुढचे कलम बारा वर्षांखालच्या मुलाच्या स्वतःच्या संमतीला संमतीच मानत नाही. मग बारा ते अठरा? १८७५चा सज्ञानता कायदा अठराची रेघ ओढतो. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच शून्य असतो हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच सांगून ठेवले. पण रुग्णाच्या हितासाठी त्याच्याच संमतीने केलेल्या कृतीला संरक्षण देणाऱ्या कलमात वयाचा आकडा लिहिलेलाच नाही. म्हणून वैद्यकीय न्यायशास्त्र शिकवणारे मधला मार्ग सांगतात: बारा पूर्ण झालेले मूल नुसत्या तपासणीला स्वतः हो म्हणू शकते, पण भूल, चिरफाड, दात काढणे यांसाठी अठरापर्यंत पालकाची लेखी संमती घ्यावी. हा नियम शहाणपणाचा आहे, मात्र तो कलमांच्या फटीतून निघालेला आहे. एका सरळ वाक्यात लिहिलेला कायदा आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये १९६९च्या कायद्याने सोळा पूर्ण झालेल्यांना शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि दातांचे उपचार यांसाठी स्वतः संमती देण्याचा अधिकार दिला. तिथल्या संसदेने ‘दातांचे’ हा शब्द मुद्दाम वेगळा लिहिला.

‘दातच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी आपल्या कायद्यातली एक ओळ पाहावी. जबर दुखापत कशाला म्हणायचे याची यादी दंडसंहितेत होती आणि ती न्यायसंहितेच्या कलम ११६मध्ये जवळपास तशीच आली. डोळा जाणे, कान जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे यांच्या जोडीला त्या यादीत ‘हाड किंवा दात’ मोडणे वा निखळणे आहे. हाडाच्या शेजारी दाताला बसवणारा हा मसुदा १८६०चा आहे. मुलाचा दात काढणे गुन्हा ठरत नाही ते केवळ हित, सद्भावना आणि संमती या तीन टेकूंमुळे. त्यातला एक निसटला की उरते ती दुखापत. जमिनीच्या बाबतीत तर कायदा आणखी कडक आहे. त्याच १९५६च्या कायद्याच्या कलम ८प्रमाणे अज्ञानाच्या नावावरचे दोन गुंठेसुद्धा पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. आईबाप मुलाच्या जमिनीचे वाईट करतील अशी शंका कायद्याला येते. मुलाच्या जबड्याचे करतील अशी येत नाही. बहुतेक घरांत ती शंका अनाठायीच असते, हे मान्य. पण अजाणतेपणी होणारे नुकसान वेगळे, आणि दातांच्या बाबतीत ते सर्रास होते.

कारण इथे खरे अज्ञान कोणाचे, हा प्रश्न उलटा फिरतो. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हे वाक्य दवाखान्यात मुलाच्या तोंडून येत नाही, पालकाच्या तोंडून येते. दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या सहाव्या-सातव्या वर्षी काढल्या की शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. पुढे तारा बसवण्याचा खर्च येतो. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते, आणि ती येताना एकही दात पडत नाही. म्हणून घरातल्यांना ती दुधाचीच वाटते, आणि किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून दिली जाते. ही दाढ आयुष्यभराची आहे हे ज्याला माहीतच नाही, त्याने ‘काढून टाका डॉक्टर’ म्हणून केलेल्या सहीला संमती कसे म्हणायचे? २००२-०३च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. निम्म्याहून जास्त मुलांच्या तोंडाबद्दल कोणीतरी कधीतरी निर्णय घेणार आहे, एवढा याचा अर्थ.

सही नेमकी कशासाठी होती, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, आणि एका उपचाराला दिलेली दुसऱ्याला लागू होत नाही. जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तेवढाच अपवाद. उपचार काय, कशासाठी, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते, आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे कळल्यावरचा होकार तोच खरा होकार. तो खटला प्रौढ स्त्रीचा होता. ती भुलेखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती न्यायालयाने मानली नाही. मुलांच्या दातांना हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झाला. त्यातली पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात, आणि त्यांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. धुळ्याच्या अण्णासाहेब चुडामण पाटील मेमोरियलसारख्या दंत महाविद्यालयांना शाळांतली शिबिरे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. वर्गातल्या चाळीस जणांची तोंडे पाहायला शाळेने घरी पाठवलेली चिठ्ठी पुरेशी आहे. पण त्याच चिठ्ठीच्या जोरावर कोणाचे दात साफ केले, कोणाला औषध लावले, कोणाची हलती दाढ ‘आलोच आहोत तर’ काढली, तर तिथे संमती नाही. मुख्याध्यापकांची सही चिठ्ठी पोहोचल्याची खूण आहे, त्यापुढचे काही ती सांगत नाही. हात कोणाचा, हेही सांगावे लागते. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने दात खरवडून साफ करणाऱ्या आणि दातांची निगा शिकवणाऱ्या हायजिनिस्टची वेगळी नोंदणी ठेवली. लहान शहरांत असा नोंदलेला हायजिनिस्ट क्वचितच असतो, आणि काम डॉक्टर स्वतः करतात किंवा न शिकलेला मदतनीस करतो. डॉक्टरांना दिलेला होकार मदतनिसाच्या हाताला आपोआप लागू होत नाही.

आता दुसरा निम्मा भाग, म्हणजे मुलाचा होकार. त्याला कायदेशीर बळ कमी आहे, पण म्हणून तो शोभेचा ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम सांगते की मुलाला आपल्याशी संबंधित गोष्टीत मत मांडता आले पाहिजे आणि त्या मताला वय आणि समज पाहून वजन मिळाले पाहिजे. भारताने ही संहिता १९९२मध्ये स्वीकारली. यावर पहिला आक्षेप येतो तो नेहमीचाच: एवढ्याशा पोराला काय कळते? सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषध आहे. ते किडीवर लावले की कीड थांबते. सुई नाही, ड्रिल नाही, खर्चही कमी. मात्र कीड लागलेला भाग कायमचा काळा पडतो. ते समोरच्या दातावर लावायचे असेल, तर सात वर्षांच्या मुलीला कीड कशी होते हे समजायची गरज नाही. शाळेत हसताना काळा दात दिसेल, हे तिला आईपेक्षा नीट कळते. पालक पैशाचा आणि खेपांचा विचार करतात, डॉक्टर किडीचा. ‘चिडवतील’ हा मुद्दा त्या खोलीत फक्त तिच्याकडे असतो. तो ऐकल्यावरही तेच औषध लावायचे ठरेल कदाचित, पण ठरवणाऱ्यांच्या हातात सगळी माहिती असेल. फ्लोराइडचा साधा लेप असेल तर एवढी चर्चा लागत नाही: दात दिवसभर पिवळट दिसतील आणि काही तास कडक खायचे नाही, एवढे सांगितले की पुरे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलाचे ऐकायचे ठरवले तर एकही दाढ निघणार नाही, कारण कोणते मूल हसत खुर्चीत बसते? हे खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येक ‘नाही’ला सारखे वजन देता येत नाही. माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात: झालेले पुन्हा पूर्ववत करता येईल का, आणि थांबले तर काय बिघडेल. गालावर सूज आली आहे, ताप आहे, पू डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरण्याची भीती आहे, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाच्या रडण्यापुढे हार मानणे ही दया ठरत नाही. तिथे त्याला विचारायचे ते ‘कसे’ एवढेच: आईच्या मांडीवर की खुर्चीत, आधी कोणती बाजू. उलट टोकाला तारा बसवण्यासाठी चार निरोगी उपदाढा काढायचे ठरते तेव्हा काय होते पाहा. घाई काही नाही, दात गेले ते गेले, आणि पुढची दोनेक वर्षे घासण्याची, खाण्याची, खेपांची शिस्त पाळायची ती तेरा वर्षांच्या मुलीनेच. ती नको म्हणत असेल तर आईबापांच्या दोन सह्या असूनही दंतवैद्याने थांबावे. हिरड्या आणि दात साफ करण्याचे काम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. ‘साफ केले की दात हलायला लागतात’ ही समजूत घरातूनच आलेली असते, ती दूर करायला बोलावे लागते. आज नको म्हटले तर आठवड्याने बोलावल्याने आभाळ कोसळत नाही. १९८५च्या गिलिक खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी सोळाखालच्यांबाबतही वयाऐवजी समजेची कसोटी लावली. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण ती कसोटी खुर्चीपाशी रोज वापरता येते.

यात पालकांचा अधिकार कमी होतो, अशी तक्रार होईल. पण कायद्याने पालकाला तो अधिकार मालकीसारखा दिलेलाच नाही. १९५६च्या कायद्याचे कलम १३ मुलाचे कल्याण सर्वोच्च ठरवते आणि पालकाचा अधिकार त्याच्या खाली ठेवते. घट्ट धरून ठेवण्याची गोष्ट घ्या. दोघांनी हात धरायचे, एकाने डोके, आणि डॉक्टरने काम उरकायचे, हे दृश्य आपल्याकडे कोणाला खटकत नाही. तोंडावर हात दाबून रडणे थांबवण्याची पद्धत एकेकाळी बालदंतवैद्यकाच्या पुस्तकांत होती. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने २००६मध्ये ती आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली. धरून ठेवणे कधी टाळता येत नाही हे मान्य केले, तरी त्याची संमती वेगळी मागितली पाहिजे. दाढ काढायला हो म्हणणाऱ्या आईने मुलाला बांधून ठेवायला हो म्हटलेले नसते.

सगळ्यात नाजूक जागा पंधरा-सोळाच्या वयाची आहे. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७७ मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. तरी दात साफ करताना मुलाच्या दातांवरचे डाग आणि गालाच्या आतला पांढरा पट्टा दंतवैद्याला दिसतोच. बाहेर बाप बसला आहे, पैसे तोच देणार आहे. त्याला सांगायचे का? सांगितले तर मार बसेल आणि मुलगा पुन्हा फिरकणार नाही. न सांगितले तर बापाचा विश्वास मोडतो. मला वाटते, तपासणीच्या आधीच दोघांसमोर एक वाक्य बोलून ठेवावे: सवयींबद्दल मी त्याच्याशी एकट्याने बोलेन, आणि प्रकृतीला धोका दिसला तर तुमच्याशी बोलेन. तोंड उघडणे कमी झाले असेल किंवा बऱ्या न होणाऱ्या जखमा असतील तर बापाला कळलेच पाहिजे, पण ते मुलाला सांगून, आणि शक्य असेल तर त्याच्याच तोंडून. नुसते डाग असतील, तर त्याच्याशी केलेले दहा मिनिटांचे बोलणे बापाच्या काठीपेक्षा कामाचे.

घाईच्या वेळी मात्र हे सगळे एका बाजूला राहते, आणि राहिलेच पाहिजे. मैदानावर चेंडू लागून दहा वर्षांच्या मुलाचा समोरचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. दात अर्ध्या तासात जागेवर बसला तर टिकण्याची आशा चांगली. तेवढा वेळ तो दुधात ठेवावा, मूळ घासू नये. (दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.) पालकाचा फोन लागला तर स्पीकरवर, दुसऱ्या कोणासमोर होकार घ्यावा आणि वेळ लिहून ठेवावी. फोन लागलाच नाही, तर न्यायसंहितेचे कलम ३० अशाच प्रसंगासाठी आहे: हिताची गोष्ट आहे, संमती देणारे कोणी वेळेत सापडत नाही, मग थांबू नका.

शेवटचा आक्षेप वेळेचा. बाहेर वीस जण बसले आहेत, प्रत्येक मुलाशी गप्पा कोण मारणार? १९५९पासून बालदंतवैद्यकात ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही पद्धत शिकवली जाते: ड्रिलचा आवाज आधी हवेत ऐकवायचा, मग ड्रिलला लावलेला ब्रश मुलाच्या बोटाच्या नखावर फिरवायचा, मग दातावर. याला तीन-चार मिनिटे लागतात. न सांगता सुरू केलेल्या आणि अर्ध्यात सोडून द्याव्या लागलेल्या उपचाराला अर्धा तास जातो, शिवाय ते मूल पुढच्या वेळी दारातूनच मागे फिरते. आणखी एक साधी सोय आहे, तिला कागद लागत नाही. काम सुरू करण्याआधी मुलाला सांगायचे की फार दुखले तर डावा हात वर कर, मी थांबतो. तोंड उघडे असताना त्याला बोलता येत नाही, तेव्हा एवढा हात हीच त्याची भाषा. पहिल्यांदा हात वर जातो तो बहुधा दुखले म्हणून नसतोच. डॉक्टर खरेच थांबतो का, हे बघण्यासाठी असतो.